एका अधिक चिन्हाचा ताप

आजचा दिवस एका + चिन्हापायी गेला. एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) तारीख जात होती: २०२५-०३-०४टी१०:००:००+०५:३०. तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे चोख, तरी उत्तर ४०० (विनंती चुकीची असल्याचा कोड), ‘तारीख अवैध’. सर्व्हरचा लॉग (नोंदींची फाइल) उघडला तर ०५:३० च्या आधी + गायब आणि तिथे मोकळी जागा!

क्वेरी स्ट्रिंगमधल्या (यूआरएलमध्ये, म्हणजे वेबपत्त्यात, ? च्या पुढच्या भागातल्या) + चा अर्थ बहुतेक सर्व्हर स्पेस असाच लावतात. खरा + हवा असेल तर त्याचं एन्कोड केलेलं, म्हणजे सांकेतिक रूप %२बी पाठवा. जावास्क्रिप्टमधलं एन्कोडयूआरआय हे फंक्शन + ला हातही लावत नाही. एन्कोडयूआरआयकंपोनंट वापरा, तेही फक्त व्हॅल्यूवर; अख्ख्या यूआरएलवर चालवलं तर ? आणि & पण एन्कोड होऊन बसतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत पॅराम्स (क्वेरीतल्या व्हॅल्यू) दिले की एन्कोडिंग आपोआप होतं. वर स्वतः पुन्हा केलंत तर % चंही %२५ होऊन %२५२बी जातं. लॉगमध्ये %२५ दिसलं की आधी हाच संशय घ्या. (कोलन मात्र क्वेरीत तसाच चालतो, उगाच त्याच्या मागे लागू नका.)

सरळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) पाठवली तर + ची कटकटच नाही: वरचीच वेळ ०४:३०:००झेड होते (झेड म्हणजे यूटीसी). फक्त नुसती तारीख हवी असेल तेव्हा सांभाळा. भारतातली ४ मार्चची मध्यरात्र (००:००) जावास्क्रिप्टच्या टूआयएसओस्ट्रिंग या यूटीसीत लिहून देणाऱ्या फंक्शनमधून ३ मार्च १८:३० होऊन बाहेर पडते. पहिली दहा अक्षरं कापून घेतलीत की रिपोर्ट एक दिवस मागे.

आणि ४ मार्चसाठी ०४/०३/२०२५ पाठवणाऱ्यांना तर हात जोडले. अमेरिकन पद्धतीने (आधी महिना, मग दिवस) वाचणारा सर्व्हर १२ तारखेपर्यंत गुपचूप भलताच महिना धरतो, बोंब १३ तारखेला उठते.