तांबोपाताच्या काठी

१४ ऑगस्ट, रात्र

पेरू देशातल्या डोंगराळ कुस्कोला सकाळी स्वेटर घालून विमानात बसलो. तासाभरात पुएर्तो माल्दोनादोला उतरलो, तर सदरा पाठीला चिकटलेला. उतरण्याआधी खिडकीतून नुसतं हिरवं जंगल दिसत होतं, आणि मधूनच पिवळट मातीचे, गढूळ डबक्यांचे पट्टे. सोन्याच्या खाणी. नदीच्या गाळातले सोन्याचे बारीक कण गोळा करायला पारा वापरतात आणि मग तापवून तो उडवून टाकतात. हवेत गेलेला पारा शेवटी पाण्यात उतरतो, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. हे सगळं वाचलेलं होतं, तरी वरून बघताना पोटात कालवलं.

पुढे गाडीनं इन्फिएर्नो गावाचा धक्का आणि तिथून तांबोपाता नदीतून लांबट, छपराची होडी. हा कोरडा हंगाम. पाणी उतरलेलं, वाळूची बेटं उघडी पडलेली. नाळेवर बसलेला माणूस सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. बुडालेले ओंडके दिसले की हात करायचा आणि मागचा तांडेल होडी वळवायचा. दोघांत एका शब्दाचीही गरज पडली नाही. काठावर कॅपिबारांचं, म्हणजे डुकराएवढ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचं, कुटुंब चिखलात बसलं होतं, होडी जवळून गेली तरी उठलं नाही. अँडीज पर्वतातून निघालेलं हे पाणी माद्रे दे दिओस, बेनी, मदेइरा या नद्यांतून अ‍ॅमेझॉनला मिळतं. नकाशावर बोट फिरवताना हे कळत नाही, पण होडीतून पाण्यात हात घातला की कळतं.

पोसादा आमाझोनास हा लॉज इन्फिएर्नोच्या लोकांचा आहे. त्यांतले बरेच एसे एखा जमातीचे. १९९६ साली त्यांनी एका पर्यटन कंपनीशी करार केला: नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० कंपनीला, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. मी इथं आलो तो मुख्यतः यासाठी. जंगलात राहायची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. ज्यांची जमीन त्यांच्याच हातात धंदा, असं फार कमी ठिकाणी असतं. आमची गाइड याच गावची. झाडांबद्दल बोलताना ती ‘आमची’ म्हणते, तेव्हा त्यामागे सातबाऱ्यासारखा हक्काचा कागदही आहे.

खोलीला तीनच भिंती. चौथी बाजू उघडी, समोर जंगल, पलंगावर मच्छरदाणी.

संध्याकाळी गाइड ब्राझील नटच्या झाडाखाली घेऊन गेली. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा दिसेना. फळ नारळाएवढं आणि दगडासारखं टणक. पावसाळ्यात ही फळं धडाधड पडतात, तेव्हा जाणकार माणूस झाडाखाली रेंगाळत नाही. आतल्या बिया काढायचं काम अगुती नावाचा सशाएवढा प्राणी दातांनी करतो. काही खातो, काही पुरून ठेवतो. विसरलेल्या बियांतून नवी झाडं उगवतात. फुलांचं परागण मोठ्या रानटी मधमाश्या, भुंगे करतात. म्हणून या झाडाला जंगल उभंच लागतं, नुसती बाग लावून तेवढं पीक येत नाही. इथली कितीतरी कुटुंबं हे दाणे वेचून वर्षाचा खर्च भागवतात. सोन्यासाठी जंगल कापलं की हे उत्पन्न कायमचं गेलं. ती हे अगदी शांतपणे सांगत होती. मला मात्र राग आवरत नव्हता.

उद्या पहाटे अंधारात निघायचंय. नदीकाठच्या मातीच्या कड्यावर पोपट माती खायला येतात. समुद्रापासून इतक्या लांबच्या या जंगलात मिठातलं सोडियम फार कमी मिळतं, ते त्यांना या मातीतून मिळतं. पाऊस असला तर पक्षी उतरत नाहीत, असं गाइड म्हणाली. तरी जायचंच. उशाशी विजेरी ठेवली आहे, बूट झटकून बघायची सूचनाही मिळाली आहे.