हेल्मेटचा पट्टा

रविवारी दुपारी जेवणानंतर डोळ्यांवर झापड येत असताना टीव्हीवर एक युद्धपट लागला होता आणि त्यातल्या नायकाच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेलाच नाही, एवढ्या एका गोष्टीने माझी झोप उडाली. तोफगोळे पडत आहेत, वाळू उडते आहे, नायक गर्जना करत टेकडी चढतो आहे आणि पट्टा आपला दोन्ही गालांवर मोकळा झुलतो आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांना हे दृश्य फार आवडले असते. मला मात्र पुढे काय घडले ते धड आठवत नाही.

ही खोड घरातूनच आलेली आहे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि मामा फौजेत सिग्नलमध्ये. या दोघांच्या मध्ये बसून लहानपणी कॅम्पातल्या एका थिएटरात पाहिलेला युद्धपट मला अजून आठवतो, तो पडद्यापेक्षा शेजारच्या कुजबुजीमुळे. रायफलच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात हे वडिलांना पोटापाण्याच्या धंद्यामुळे पाठ होते, त्यामुळे नायकाने चाप दाबला की ते मनात मोजायला लागत आणि थोड्या वेळाने हलक्या आवाजात ‘संपल्या’ म्हणत. नायक अर्थातच थांबत नसे. मामांची शंका निराळी होती. मध्यंतरापर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग विचारले, ‘‘भाऊजी, या पोस्टवर लंगर कुठं दिसला का हो तुम्हाला? ही माणसं जेवतात कधी?’’ पुढच्या रांगेतून कोणीतरी ‘शुक्’ केले. थिएटरभर शिट्ट्या वाजत असताना त्याच गृहस्थांना आमचीच कुजबुज खटकावी, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

मामांचे १९७१ चे युद्ध टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेले. राजस्थानच्या वाळूत तार टाकायची, गाड्यांच्या चाकांखाली किंवा गोळ्याच्या छर्ऱ्याने ती तुटली की रात्री अंधारात तिच्यावरून हात फिरवत तुटलेले टोक सापडेपर्यंत चालत जायचे, सांधा मारायचा आणि पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आले की परत फिरायचे. यावर कोणी सिनेमा काढणार नाही, हे मलाही समजते. पण युद्धात माणसे मरतात ती बहुतेक न दिसणाऱ्या, कित्येक मैलांवरून आलेल्या तोफगोळ्यांनी, आणि पडद्यावर मात्र शत्रू नेहमी संवाद ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभा असतो. शिवाय कानाशी स्फोट झाल्यावर दुसऱ्याच क्षणी नायक मित्राच्या कानात काही पुटपुटतो आणि मित्राला ते स्वच्छ ऐकूही येते. मामांना डाव्या कानाने जन्मभर कमी ऐकू आले.

हे सगळे मी दिग्दर्शकाला माफ करायला तयार आहे. पट्टा बांधला तर नटाचा चेहरा झाकतो, तोफखाना दाखवायला पैसे लागतात, लंगर दाखवला तर प्रेक्षकालाच भूक लागते. माफ करता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. सिनेमाला जिवंत उरलेला सैनिक परवडत नाही. १९९७ च्या ‘बॉर्डर’मध्ये लोंगेवाल्याची लढाई आहे, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीने लढलेली. सव्वाशेच्या आतबाहेर जवान आणि समोर रणगाडे. अंधारात उडता न येणारी आपली हंटर विमाने उजाडल्यावर जैसलमेरहून येईपर्यंत या माणसांनी ती चौकी धरून ठेवली. एवढ्या लढाईत आपले दोन जवान धारातीर्थी पडले. सिनेमाचे मात्र दोनात भागले नाही. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड त्या रात्री लढले आणि जगले, तरी पडद्यावर त्यांना हौतात्म्य देण्यात आले. प्रत्यक्षात ते डिसेंबर २०२२ मध्ये गेले. म्हणजे सबंध देशाने ज्यांच्या मरणावर डोळे पुसले, ते गृहस्थ पुढे पंचवीस वर्षे दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देत असणार. त्या दाखल्याच्या रांगेत मामाही काठी टेकत उभे राहत आणि निवृत्तीनंतर काही वर्षे तर ते एका बँकेच्या दारातच दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेले असत. आत जाणाऱ्या कोणालाही त्यांच्याकडे बघून शिट्टी वाजवावीशी वाटली नाही.

जगलेल्यांपैकी मुरलीकांत पेटकरांवर २०२४ मध्ये सिनेमा निघाला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. सिनेमा निघाला तो पदकामुळे, हे उघड आहे.

आमच्या खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथे वर्षानुवर्षे राहतात. कोणी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, हात न चालणारे काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. मानेखालचे शरीर विशीपंचविशीत गमावलेला माणूस पुढे साठीचा होतो, तेव्हा मधली पस्तीस-चाळीस वर्षे तो एकाच युद्धाच्या एकाच सेकंदात जखमी झालेला असतो, आणि त्या सेकंदानंतर सिनेमा संपलेला असतो.