आज्जीची कुडी आणि सरांचा बल्ब

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, म्हणून बसलोय, नाहीतर माझं मराठी शुद्धलेखन आठवी ब ला चांगलं ठाऊक आहे.

मला शाळा म्हटलं की सायन्सच्या सरांचा तो लाकडी पाट दिसतो, त्यावर टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि दोन वायरींची मोकळी टोकं. घरून काहीही आणा, म्हणाले, बघू कशातून वीज जाते. किल्ली, चमचा, नाणं, सगळ्यांत बल्ब लागला, खडू-पट्टीत नाही. मिठाच्या पाण्यातही नाही लागला, पण तारांपाशी बुडबुडे आले तर सर म्हणे करंट चाललाय, फक्त बल्बला पुरत नाहीये. पेन्सिलचा तुकडा दोन्हीकडून तासून लावला तर मिणमिणला! शिसपेन्सिल नुसतं नावाला, आत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते हे तेव्हा कळलं.

मी आणली होती आज्जीची हिऱ्याची कुडी. न विचारता, कंपासमध्ये घालून. वायरी लावल्या आणि बल्ब भक्कन पेटला, मी ओरडलोच, सर हिऱ्यातून गेली! सरांनी चष्मा वर केला, "अरे, वायरी कुठे टेकल्यात बघ, सोन्यावर." मग दोन टाचण्या नुसत्या खड्यावर टेकवल्या आणि बल्ब ढिम्म.

पेन्सिलमध्ये कार्बन, हिऱ्यातही कार्बनच. पण हिऱ्यात प्रत्येक अणूचे चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले, ग्रॅफाइटमध्ये तीनच, चौथा इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, वीज तोच नेतो. बोरॉन असलेला निळा हिरा मात्र थोडी वीज जाऊ देतो. आणि उष्णता? ती हिरा तांब्याच्या जवळपास पाचपट नेतो. घरी जो प्रसाद मिळाला तो इथे लिहीत नाही.

पुढे आज्जी गेल्यावर कुड्या इंदूरच्या सराफ्यात दाखवायला नेल्या, दिवसा बरं का, रात्री तिथे आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो. सराफाने पेनासारखं टेस्टर खड्याला लावलं, ते उष्णता किती पटकन पळते तेच बघतं. वाजलंच नाही. पुष्कराज निघाला, पांढरा. त्यातूनही वीज जात नाही, त्यामुळे सरांचा प्रयोग बरोबरच होता, फक्त आज्जीला कुणी कधी सांगितलं नाही.