शुक्रवारचं फेझ आणि संध्याकाळचं विमान

मोरोक्कोच्या टूरचा शेवटचा दिवस, वार शुक्रवार, आणि फेझहून विमान संध्याकाळी साडेपाचला. गटात बहुतेक साठीपुढची पुणे-नाशिकची मंडळी. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी मदीनेतली, म्हणजे जुन्या तटबंद शहरातली, बरीचशी दुकानं बाराच्या सुमारास बंद होऊ लागतात, काही मग उघडतच नाहीत. म्हणजे हाताशी साडेआठ ते साडेबारा, एवढाच वेळ. विमानतळ 15 किलोमीटरवर, त्याची चिंता नव्हती. घोर असतो तो मदीनेतून वेळेवर बाहेर पडण्याचा.

तटाच्या आतलं जुनं शहर, फेझ अल-बाली, खोलगट जागेत वसलंय. बाब बू जलूद दरवाजा उंचावर, कराउईन मशीद पार खाली. आलो त्याच दारातून परतायचं म्हटलं की शेवटचा टप्पा सगळा चढाचा, तोही पिशव्या घेऊन. गुडघ्यांचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून आम्ही उलटं फिरतच नाही: बू जलूदवरून उतरायचं आणि र्सीफ चौकात बाहेर पडायचं, तिथवर गाड्या येतात. सामान सकाळीच हातगाडीवाल्याने रियाधमधून (मधे अंगण असलेलं जुन्या घरातलं मुक्कामाचं ठिकाण) गाडीतळावर आणून दिलं (मजुरी आदल्या रात्रीच ठरवावी), मिनीबसमध्ये चढलं, आणि ड्रायव्हर तटाला वळसा घालून र्सीफला गेला. पासपोर्ट आणि औषधं मात्र ज्याची त्याच्या गळ्यात.

दरवाजाजवळ बिसारा खाल्लं. सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल नि जिरेपूड, सोबत गरम खोब्झ, म्हणजे इथला गोल पाव. शाकाहाऱ्यांनी पोट इथेच भरून घ्यावं. पुढे भाज्यांचा ताजीन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) मिळतो, पण तो मटणाच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. विचारल्याशिवाय घेऊ नये.

तलाआ कबीरा या उताराच्या मुख्य गल्लीवर बू इनानिया मदरसा आहे, 14व्या शतकातला. अंगण मुस्लिमेतरांनाही पाहता येतं. भिंती नीट बघाव्यात: खाली झेलीजच्या, म्हणजे रंगीत तुकडे जुळवलेल्या, फरशा, मध्ये कोरलेला गिलावा, वर देवदाराचं लाकूड. ओल आणि हात लागतो तिथे फरशी, पोचत नाही तिथे लाकूड, हिशेब सरळ आहे. कराउईन मात्र दारातूनच बघायची. 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी स्थापलेली.

वाटेत 'बालाक!' (बाजूला व्हा!) ऐकू आलं की मागे वळून न पाहता भिंतीला चिकटायचं. मागून गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर येत असतं. पाठीची सॅक पोटावर घ्यायची, नाहीतर ओझ्यात अडकते. 'पुढे रस्ता बंद आहे' असं एखाद्या पोराने सांगितलं तर हसून पुढे चालायचं. तो बहुधा ओळखीच्या दुकानात नेण्याच्या बेतात असतो. पाटीवर 'दर्ब' (गल्ली) लिहिलेलं असेल तर मात्र गल्ली खरंच बंद निघण्याचा संभव जास्त. फोनवरचा नकाशा उंच भिंतींमध्ये भरकटतो, दुसऱ्या गल्लीत उभं करतो.

शुआरा या चामडं कमावण्याच्या जागेची कुंडं चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसतात. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची. पांढऱ्या कुंडांत चुना. त्याने केस सुटतात. मग पारव्यांच्या विष्ठेचं पाणी. त्यातल्या अमोनियामुळे चुना निघून कातडं मऊ पडतं. त्यानंतर रंगाची कुंडं. माणसं मांडीपर्यंत आत उभी राहून तुडवतात. शुक्रवारी काम थोडं, तरी सकाळी काही कुंडं चालू होती. पिशवी घेताना ओला पांढरा रुमाल आतून-बाहेरून घासून पाहावा. रंग लागला तर पहिल्या पावसात कपडे खराब होणार. कमावणं अर्धवट राहिलेल्या चामड्याचा वास महिनोन्महिने जात नाही, दुकानदार काहीही म्हणो. बंद सुटकेसमध्ये तो सगळ्या कपड्यांना लागतो.

मंडळी खरी रमली ती सफ्फारीन चौकात, तांबटांच्या ठोक्यांत. लग्नकार्याची घंगाळाएवढी पातेली, आतून कल्हई केलेली. कल्हई म्हटल्यावर बायका लगेच पुढे सरसावल्या. परीक्षा सोपी: आत रुपेरी, किंचित मंद चकाकी असेल तर कल्हई. उघडं तांबं गुळगुळीत चकाकत असेल तर पारदर्शक लाखेचा थर, म्हणजे शोभेचं भांडं. त्यात आमटी करू नये, चिंच-टोमॅटोच्या आंबटपणाने तांबं उतरतं. जाड तांबं जड असतं, म्हणून खिशातला वजनकाटा तिथेच काढला. 23 किलोंच्या मर्यादेत कोणाकडे किती जागा आहे याचा हिशेब चौकातच झाला आणि दोन पातेली शेजारणींच्या बॅगांवर वाटली गेली.

तिथून र्सीफ चालत पाच-सात मिनिटांवर. बसमध्ये चढण्याआधी हातातल्या पिशव्या उघडायला लावल्या: 100 मिलिलिटरवरच्या अर्गन तेलाच्या बाटल्या नि नक्षीचे खंजीर मोठ्या बॅगेत. मोरोक्कोचे दिरहम देशाबाहेर 2000 पर्यंतच नेता येतात आणि भारतात ते कोणी बदलून देत नाही. उरलेले विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधीच, बदलाची पावती दाखवून, काउंटरवर मोडले. रमजानमध्ये तर घड्याळंही तासभर मागे जातात, तेव्हा तिकिटावरची वेळ आणि फोनची वेळ आदल्या दिवशीच ताडून पाहावी.