आधी स्थळ सांग

सकाळी पावणेआठला आत्याचा फोन येतो. ‘झाला का चहा? घे पेपर.’ एवढंच. पहिल्या पानावर सरकार आहे की पडलं याच्याशी तिला कर्तव्य नसतं. ते शेजारच्यांचा टीव्ही भिंतीपलीकडून सांगतच असतो. तिला हवं असतं ते आतल्या पानावरचं, उजवीकडे खाली, निधनवार्ता आणि ‘गुरुवारी पाणी नाही’ यांच्या मधोमध बारीक टायपात कोंबलेलं ‘शहरात आज’. आत्या एक्क्याऐंशीची आहे. २०१९ साली डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. तेव्हापासून तिला माणसं ओळखू येतात, अक्षरं नाही. मी कोथरूडला, ती सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या मागच्या आळीत. त्यामुळे पुण्यात आज कुठे काय आहे, हे मी तिला रोज फोनवर वाचून दाखवते. ती कुठेही जात नाही. मीही नाही.

वाचायची एक पद्धत ठरलेली आहे. पेपरात छापतात ते असं : संस्था, मग कार्यक्रम, मग वक्ता, हस्ते, अध्यक्ष, शेवटी स्थळ आणि वेळ. आत्याला हे सगळं उलटं लागतं. ‘आधी स्थळ सांग.’ स्थळ कळलं की निम्मा निकाल लागतो. टिळक स्मारक म्हटलं की ‘हं, पुढे.’ पत्रकार भवन म्हटलं की ‘जिना.’ बालगंधर्व म्हटलं की थोडं थांबून ‘रिक्षावाला परत येताना मीटरने येत नाही.’ बाणेर, हडपसर, वाकड यांना तर ती वाक्य पुरं होऊ देत नाही. ‘ते पुण्यात नाही.’ वाकड खरोखरच पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, पण आत्याचा आक्षेप इतका तांत्रिक नसावा. तिच्या लेखी लकडी पूल ओलांडला की परगावच. मी चाळीस वर्षं परगावी राहते.

स्थळानंतर वेळ. मग माणसं. विषय सर्वांत शेवटी, कारण तिच्या मते व्याख्यान विषयावर कधीच होत नाही.

रोज वाचता वाचता मला या चौकटीची भाषा कळायला लागली. ‘ठीक ५.३० वाजता’ यातलं ‘ठीक’ हे आयोजकांनी स्वतःला दिलेलं आश्वासन असतं. ‘रसिकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ असं असलं की समजायचं, गेल्या वेळी अकरा जण होते. ‘काही जागा राखीव’ म्हणजे पुढच्या तीन रांगांवर पांढरी चिठ्ठी आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्या रिकाम्या. ‘प्रवेश विनामूल्य’ हे सगळ्यांत फसवं. विनामूल्य असलं की आमचे पुणेकर पाऊण तास आधी येतात, रुमाल टाकून जागा धरतात आणि चहा प्यायला बाहेर जातात. तिकीट असलं की तीच मंडळी शंभर रुपयांत काय काय येतं त्याचा हिशोब करतात.

आणि ‘यांच्या हस्ते’. आत्याने यावर एक गणित बसवलं आहे. चौकटीतली नावं मोजायची आणि माणशी आठ मिनिटं धरायची. पुस्तक प्रकाशन असेल तर वरखर्च वेगळा : दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग रंगीत कागदात गुंडाळलेली पुस्तकं व्यासपीठावर सगळ्यांनी एकदम सोडायची. त्यात एकाची चिकटपट्टी निघत नाही. फोटोग्राफर म्हणतो, जरा वर धरा. आठ नावं असली तर चौसष्ट मिनिटं झाल्याशिवाय लेखक बोलायला उभा राहत नाही आणि तो उभा राहिला की म्हणतो, ‘वेळेचं भान ठेवून दोनच शब्द.’ मी एकदा म्हटलं, आत्या, हे जरा जास्तच होतंय. ती म्हणाली, ‘मी तीस वर्षं श्रोती आहे. हा काय छंद वाटला तुला?’

तारीख न सांगता कुणी मला ही चौकट दाखवली तर मी महिना सांगू शकेन. उन्हं चढली आणि रोज संध्याकाळी टिळक स्मारकात व्याख्यान असलं की वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी ती १८७५ साली सुरू केली आणि मे महिन्याच्या उकाड्यात लोक अजून घाम पुसत तिथे बसतात. पावसाची झड लागली, आणि भरतच्या बाजूने ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी आली, की पुरुषोत्तम करंडक. ही आरोळी आत्याच्या स्वयंपाकघरात थेट ऐकू येते. १९६३ पासूनची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा तिने अलीकडे एकदाही आत बसून पाहिलेली नाही, पण ओरडण्यावरून कोणत्या संघाचा प्रयोग चांगला झाला असेल ते ती सांगते. प्रयोगाआधी ओरडतात ते सगळे सारखेच, म्हणते. बाहेर पडल्यावरचा आवाज ऐकायचा. गणपतीत ही चौकट फुगते, पितृपंधरवड्यात वाळते. दिवाळीत तर सगळंच पहाटे होतं, आणि सेलोटेप मारल्यासारखी तीच सहा भावगीतं शहराच्या सोळा ठिकाणी एकाच वेळी चाललेली असतात. जानेवारीत चित्रपट महोत्सव येतो. त्याबद्दल तिचं मत इतकंच की अंधारात डुलकी काढायची तर घरी पलंग आहे.

राहिला डिसेंबर. डिसेंबरात मी जरा सावकाश वाचते.

सवाई गंधर्व गेले १९५२ साली, आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या नावे महोत्सव सुरू केला. तो रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणात व्हायचा ती वर्षं आत्याची. तेव्हा मैफल रात्रभर चाले. आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी सतरंजी, शाली, थर्मास आणि गुळपोळ्या घेऊन संध्याकाळी जागा धरत, आणि उजाडताना पायी घरी येत. पहाटेच्या थंडीत पटांगणात धुकं उतरलेलं असायचं, निम्मे लोक शाल डोक्यावरून ओढून झोपलेले, आणि अशा वेळी कुणी तोडी किंवा ललत सुरू केला की झोपलेले एकेक करून उठून बसायचे. ‘कुणी उठवत नसे गं,’ ती सांगते. ‘सुराने जाग यायची.’ सगळ्यात शेवटी भीमसेनजी स्वतः गात, आणि मग सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. ती खरखर ऐकताना कुणी सतरंजी गुंडाळायला घेतली तर शेजारचे डोळे वटारत.

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि रात्र गेली. मला तो नियम पटतो. आमच्या सोसायटीमागच्या मांडवाने मला तो पटवून दिला आहे. पण त्यात पहाटेचे रागही मैफलीतून गेले, हे आत्याचं म्हणणं खोडता येत नाही. महोत्सव पुढे रमणबागेत गेला, आणि आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. मी ते पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘मुकुंदनगर? स्वारगेटच्या पलीकडे? मग सरळ धारवाडलाच भरवायचा.’

आता माझं सांगते. फोन ठेवला की मी पेन्सिलीने त्याच चौकटीत दोन-तीन गोष्टींना गोल करते. कलादालनातलं जलरंगांचं प्रदर्शन, सुदर्शनमधला नवा प्रयोग, भांडारकर संस्थेतलं कुठल्याशा पोथीवरचं व्याख्यान. गोल करताना मला खरंच वाटतं की मी जाणार. दुपारी तीनपर्यंत वाटत राहतं. चारला आभाळ येतं, किंवा गॅसवाला येतो, किंवा कर्वे रस्ता आठवतो. पण गोल केलेला दिवस आणि न केलेला दिवस यांत फरक असतो. गोल केलेल्या दिवशी भाजी निवडताना मी अशा शहरात असते जिथे साडेसहाला कुणीतरी तंबोरा जुळवत असेल. पूर्वी नाटकाचा ‘प्लॅन उघडला’ की पहाटे रांगेत उभं राहावं लागे. खिडकीतला माणूस खुर्च्यांच्या नकाशावर पेन्सिलीने फुली मारी, आणि एकदा फुली पडली की जाणं भाग असे. आता फोनवर हिरवा चौकोन दाबला की झालं. इतक्या सहज मिळालेल्या खुर्चीचा माणूस धाक बाळगत नाही.

२०२० च्या मार्चअखेर चौकट नाहीशी झाली. आधी कार्यक्रम बंद झाले, मग घरी येणारा पेपरच थांबला. पावणेआठचा फोन मात्र आला. ‘घे पेपर.’ मी म्हटलं, पेपर येत नाही आत्या. पलीकडे शांतता. रद्दीवालाही येत नव्हता, त्यामुळे गॅलरीत गठ्ठा पडून होता. मी वरचाच एक अंक ओढला. निघाला २७ फेब्रुवारीचा, मराठी भाषा गौरव दिनाचा. त्या दिवशी ही चौकट दोन स्तंभ भरून सांडलेली असते : काव्यवाचन, ग्रंथदिंडी, सुलेखन, निबंधस्पर्धेचं बक्षीस, परत काव्यवाचन. मी स्थळापासून वाचायला लागले. आत्या प्रत्येकाला नेहमीसारखी ‘जिना’, ‘ते पुण्यात नाही’, ‘सात नावं, छप्पन मिनिटं’ करत गेली. शेवटी म्हणाली, ‘आज बरंच आहे गं.’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी २६ चा वाचला. महिनाभर आम्ही असे मागे मागे जात होतो. त्या डिसेंबरात सवाई झाला नाही. तोवर पेपर पुन्हा सुरू झाला होता आणि चौकटीच्या जागी खतांची जाहिरात होती.

गेल्या महिन्यात मात्र नवल झालं. पेठेतलाच एक हॉल, तळमजला, नाट्यसंगीत, वेळ साडेपाच, नावं फक्त तीन. आत्या म्हणाली, ‘चोवीस मिनिटं. जमेल.’ मी चारला पोचले तर ती नारायणपेठी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. ‘लवकर गेलं तर कडेची खुर्ची मिळते.’

कडेची खुर्ची मिळाली. मधल्याही सगळ्या मिळण्यासारख्या होत्या. चौदा माणसं, एक पडदा, एक प्रोजेक्टर. पेटी-तबला कुठे दिसेना. मला शंका आली तोवर आभार मानायच्या आवाजात प्रास्ताविक सुरू झालं होतं : ‘पुण्याचे जुने हौद.’ नाट्यसंगीत वरच्या मजल्यावर होतं. स्थळ मीच चुकीच्या ओळीतलं वाचलं होतं. उठू या का, मी खुणावलं. आत्याने मान हलवली. एक तर जिना, आणि दुसरं म्हणजे वक्ता तरुण होता आणि त्याने वेळेवर सुरुवात केली होती. याचा तिच्यावर फार परिणाम झाला.

मुलगा चांगला बोलला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात दगडी नळ आणला. भुयारासारखा, माणूस आत उतरू शकेल एवढा, मध्ये मध्ये हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले. पंप नाही, काही नाही. केवळ उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई आणि वाटेत हौद भरत जाई. फडके हौद, बदामी हौद, साततोटी. ही नावं मी रोज बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना वापरते, पण त्यात कधी पाणी होतं हे डोक्यातच आलं नव्हतं. अधूनमधून छतातून पेटीचे सूर झिरपत होते. आत्या एक कान वर आणि एक कान पडद्याकडे लावून बसली होती. पडद्यावरचे फोटो तिला दिसत नव्हतेच.

‘कुणाला काही प्रश्न?’ असं त्याने विचारलं, आणि आत्या उभी राहिली.

‘पानशेत फुटलं त्याचं काय?’ ती म्हणाली. १२ जुलै १९६१. ती तेव्हा सतरा वर्षांची. पूर त्यांच्या आळीपर्यंत आला नाही, पण नळ गेले, आणि ज्या हौदांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यांच्यावर रांगा लागल्या. सदाशिव पेठेच्या हौदावर कळशी घेऊन ती आणि माझे बाबा पहाटे चारला उभे राहायचे. पाणी उपसताना कळशी दगडावर आपटली की कसा आवाज यायचा, कोण मधे घुसायचं, कोणत्या आजींनी कुणाला ढकललं, पुरातून आलेल्या बायकांना रांगेत पुढे घ्यायचं असं कुणी न सांगता कसं ठरलं, हे सगळं तिने सांगितलं. मुलगा लिहून घेत होता. वर टाळ्या पडल्या, त्या आत्याला आपल्याच वाटल्या असाव्यात. तिने किंचित मान लववली आणि पुढे चालू ठेवलं. मी घड्याळ बघितलं. सव्वीस मिनिटं.

रिक्षात मी हिशोब काढला. ‘आत्या, माणशी आठ.’

‘ते भाषण नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तो प्रश्न होता.’

तिसऱ्या दिवशी, चौकटीच्या वरच, चार ओळींची बातमी आली. मी ती आधी वाचली. शेवटची ओळ अशी होती : ‘या वेळी ज्येष्ठ नागरिकांनी पानशेत पुराच्या आठवणींना उजाळा दिला.’

‘परत वाच.’

मी परत वाचलं.

‘नागरिकांनी? बोलले तर मी एकटीच.’

‘आदरार्थी बहुवचन असेल,’ मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ गेला. पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला.

‘बरं,’ आत्या म्हणाली. ‘स्थळ सांग. आणि या वेळी ओळ नीट बघ.’