तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रात्री सही का केली नाही

लग्नात, बाराव्याला, पलूसच्या एसटी स्टँडवर, कुठंही गाठ पडली की आमच्या भागातली माणसं शेवटी तिथंच येतात. "आपल्याच गावचा पोरगा. बाप मिरजेला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. तुमच्या एका सहीचं काम होतं. का केली नाही?"

नऊ वर्षं मी "नियम होता" एवढंच सांगत आलो. त्यानं कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सगळं लिहितो.

आम्ही दोघं मुंबईत एकाच हँगरमध्ये हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करत होतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी त्यानं एका हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्सचा, म्हणजे इंजिनाची ताकद वरच्या पंख्याला पोचवणाऱ्या पेटीचा, तेलाचा फिल्टर बदलला. मी पलीकडच्या हेलिकॉप्टरच्या शेपटीकडं काम करत होतो. अशा कामाला आमच्याकडं दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. तपासणाऱ्यानं जुनी ओ-रिंग, म्हणजे तेल गळू न देणारं रबरी कडं, निघालेली बघायची, नवी बसलेली बघायची, नट किती आवळला ते दाखवणाऱ्या टॉर्क रेंचचा आकडा स्वतः वाचायचा. त्यानंतरच नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना तार पिळायची. मी पोचलो तेव्हा फिल्टरचं भांडं बसवून, तार पिळून, तिची टोकं आत वळवून झाली होती. वेणी घालावी तशी एकसारखी तार. हँगरमध्ये तसा पीळ फक्त त्याचाच. त्याच्या खांद्याला बॅग होती. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची होती.

"मर्दा, माझ्या हातचं काम तुला ठाऊक हाय. सही कर, मी सुटतो."

ठाऊक होतंच. त्याच्याइतका नीट हात मी दुसरा पाहिला नाही. पण मी बघितलं काहीच नव्हतं, आणि सही म्हणजे "मी बघितलं" एवढाच तिचा अर्थ. तपासायचा अधिकार असलेला तिसरा माणूस त्या पाळीला नव्हता.

"तार कापावी लागेल," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग बॅग भिंतीशी ठेवली आणि पक्कड त्यानंच उचलली.

तेल ट्रेमध्ये काढलं, भांडं उतरवलं. आत एकच रिंग होती, नवी, बरोबर खाचेत. ती काढून दुसरी नवी घेतली, तेलात बुडवून बसवली. तो नट आवळायचा, मी आकडा वाचायचा. शेवटच्या नटाला त्याचा हात थरथरायला लागला. त्यानं रेंच खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग आवळला. आकडा बरोबर होता. या सगळ्यात दीड तास गेला. महालक्ष्मी गेली. अकराच्या ट्रॅव्हल्सनं तो निघाला. बस कराडच्या अलीकडं असताना वडील गेले. महालक्ष्मीनं भेट झाली असती का, याचा हिशेब गावानं मांडला. ती गाडी त्या रात्री वेळेवर धावली की नाही, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आता तुमचं म्हणणं: काम चोख होतं, सकाळी इंजिन सुरू करून गळती बघणारच होते, मग हट्ट कशाला? मोठ्या हेलिकॉप्टरला इंजिनं दोन असतात, एक बंद पडलं तर दुसरं आहे. मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच. त्यातलं तेल चाकांचे दात वंगणात ठेवतं आणि उष्णताही वाहून नेतं. जुनी रिंग चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर जमिनीवरच्या थोड्या वेळात थेंब न गळता ती हवेत दगा देऊ शकते. १२ मार्च २००९ ला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ जातीचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. १८ पैकी १७ माणसं गेली. गिअरबॉक्सच्या तेलाच्या फिल्टरचं भांडं धरणाऱ्या तीन टायटॅनियमच्या स्टडपैकी, म्हणजे नट बसवायच्या आटेदार दांड्यांपैकी, दोन तुटले होते. तेलाचा दाब गेल्यापासून पाण्यात पडेपर्यंत साधारण अकरा मिनिटं. फिल्टर बदलताना नट पुन्हा पुन्हा काढून-घालून आटे खरवडले गेले होते. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात तसेच स्टड तुटले होते, तेव्हा हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं.

हे उदाहरण माझ्या सहीला पुरतं लागू पडत नाही, हे मला कळतं. तिथं दोष रिंगचा नव्हता, स्टडचा होता. पण आमच्या हेलिकॉप्टरमध्ये सकाळी सहाला समुद्रात कामाला जाणारी माणसं बसणार होती, आणि मला ते फिल्टरचं भांडंच डोळ्यांपुढं दिसत होतं.

आणखी एक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. सव्विसाव्या वर्षी मी न बघता सह्या केल्यात. तीन-चार तरी. वरिष्ठ म्हणाले, केली. काही झालं नाही. सव्विशीतला तो मी आज समोर आला तर म्हणेल, तेव्हा साहेबासाठी केलीस आणि दोस्तासाठी नाही केलीस? त्याला मी सांगतो की मधल्या वर्षांत मी शिकलो. तो म्हणतो, शिकलास तू, आणि फी दोस्तानं भरली. इथं माझं बोलणं खुंटतं.

सही नाकारली याचा मला पश्चात्ताप नाही. आज तीच वेळ आली तर आजही करणार नाही. मला छळतं ते दुसरंच. वरिष्ठांना फोन करून सांगता आलं असतं, की याला जाऊ द्या, हेलिकॉप्टर सकाळी उभं राहू द्या, दुसरी पाळी आली की काम पहिल्यापासून करू. नियमाला काही अडचण नव्हती. अडचण सहाच्या फेरीला होती, आणि फेरी चुकली तर बोलणी मला बसणार होती. मी नियमही राखला आणि फेरीही राखली. दोन्हीची किंमत त्याच्या अंगावर टाकली. फोन माझ्या खिशात होता.

तो परत कामावर आला नाही. द्राक्षबाग बघतो. भेटला की थांबतो, पाऊसपाण्याचं बोलतो. हा प्रश्न त्यानं मला एकदाही विचारलेला नाही. तुम्ही मात्र विचाराल, तेव्हा सहीचं विचारू नका, त्या फोनचं विचारा. त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.