पश्चिम रेल्वेवर दोन दिवस, चार प्रयोग

मुंबईत नाटकं बघायला बाहेरगावाहून येणारे लोक आधी नाटक ठरवतात आणि मग नाट्यगृह कुठे आहे ते शोधतात. गणित इथेच चुकतं. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, वाशीचं विष्णुदास भावे, दादरचं शिवाजी मंदिर ही नावं जाहिरातीत एकाखाली एक छापलेली असतात, म्हणून ती जवळजवळ वाटतात. दुपारी चारला मुलुंड आणि रात्री साडेआठला बोरिवली असा बेत केला तर मधला सगळा वेळ गाड्या बदलण्यात जातो आणि पहिला प्रवेश हुकतो तो हुकतोच.

मराठी व्यावसायिक नाटक एका जागी मुक्काम ठोकत नाही. आज पार्ल्यात, उद्या ठाण्यात, परवा पुण्यात असं ते फिरत असतं. त्यामुळे आपली रेल्वे लाइन आधी ठरवावी आणि त्या दोन दिवसांत त्या लाइनवर काय येतंय ते बघावं. हा बेत दिवाळीच्या सुट्टीतल्या शनिवार-रविवारचा, पूर्णपणे पश्चिम रेल्वेवरचा: जादू, प्रायोगिक नाटक, पहाटेचं गाणं आणि व्यावसायिक नाटक. राहायला पार्ले किंवा अंधेरी.

शनिवारी दुपारी चारला जादू, विलेपार्ले पूर्वेच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात. स्टेशनवरून चालत जाता येतं. जादूचे मोठे प्रयोग शाळांच्या सुट्ट्या धरूनच लागतात, म्हणजे दिवाळी आणि एप्रिल-मे. महाराष्ट्रात या धंद्याचं मोठं घराणं पुण्याच्या रघुवीरांचं, तिसऱ्या पिढीपर्यंत चालत आलेलं. अशा दौऱ्यांच्या तारखा फार आधी कळत नाहीत, वर्तमानपत्रातली जाहिरात हाच भरवशाचा मार्ग.

जादूला खुर्ची निवडताना नाटकाचा नियम उलटा करायचा. नाटकाला पुढची कडेची खुर्ची चालून जाते, जादूला नाही. अधांतरी तरंगणं, पेटीतून माणूस गायब होणं हे खेळ समोरून बघण्यासाठीच बांधलेले असतात. कडेला बसलं तर एक तर विंगेचा पडदा आड येतो, नाहीतर नको ते दिसतं आणि मजा जाते. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग, हे उत्तम. मुलाला रंगमंचावर बोलावलं जावं अशी इच्छा असेल तर मात्र पहिल्या पाच रांगांत मधल्या वाटेला लागून बसा. जादूगार चटकन उठून वर येऊ शकेल असंच मूल निवडतो. लहान मुलाला पुढच्याचं डोकं आड येतं, तेव्हा उशी नाहीतर जाड शाल घडी करून न्यावी. फ्लॅश अजिबात मारू नका. काळ्या मखमलीपुढे काळ्या कपड्यात माणूस लपवण्याचा एक अख्खा प्रकार आहे. तिथे प्रेक्षकांच्या डोळ्यांवर मुद्दाम दिवे रोखलेले असतात आणि एका फ्लॅशने सगळं उघडं पडतं. दम्याचा त्रास असेल तर धुराच्या यंत्रापासून लांब, मागच्या रांगा बऱ्या.

साडेसहाला बाहेर पडलं की जुहूच्या पृथ्वी थिएटरला रात्री नऊचा प्रयोग निवांत गाठता येतो. पूर्वेकडून रिक्षा करू नका; स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरा आणि तिथून करा. संध्याकाळी पूर्व-पश्चिम ओलांडण्यातच अर्धा तास सहज जातो.

पृथ्वी १९७८ सालचं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे वाईट खुर्ची अशी फारशी नाही. पण खुर्च्यांना नंबर नसतो. तिकीट म्हणजे फक्त आत जायचा हक्क. जागा रांगेतल्या क्रमाने मिळते. चौघांना एकत्र बसायचं असेल तर अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं लागतं. बहुतेकांचा घोळ कॅफेत होतो: साडेआठला खायला मागवलं की ताट येतं नेमकी रांग आत सरकायला लागल्यावर. आठच्या आत खाऊन घ्या. आणि उशीर झाला तर कितीही विनवण्या करा, आत सोडत नाहीत. ते बरोबरच आहे. एवढ्याशा जागेत उशिरा येणारा माणूस नटाच्या पायात येतो. सोमवारी प्रयोग नसतो.

रविवारची पहाट गाण्याची. मुंबईत सभागृहातलं शास्त्रीय गाणं बहुतेक संध्याकाळी असतं, म्हणून यमन, पूरिया, बागेश्री भरपूर कानावर पडतात. ललत, भटियार, अहिरभैरव हे पहाटे-सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायचे तर दिवाळी पहाटेसारखी संधी साधावी लागते. दादर, पार्ले, गिरगाव इथे असे कार्यक्रम बरेच होतात. पुष्कळ ठिकाणी प्रवेशिका मोफत असतात, पण त्या चार-पाच दिवस आधी वाटल्या जातात आणि संपतात; गावाहून येणाऱ्याने इथल्या कुणा नातेवाइकाला आधीच कामाला लावावं. कार्यक्रम सहाचा असेल तर साडेपाचला पोचा. मुख्य राग सुरुवातीलाच होतो. सातनंतर नाट्यगीतं आणि भक्तिगीतं. उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला नेमका तोच भाग येत नाही ज्यासाठी पहाटे उठायचं.

बसायला मध्यभाग घ्या, पण अगदी पहिली रांग टाळा, कारण तिथे मंचावर कलाकारांसाठी ठेवलेल्या स्पीकरचा (मॉनिटरचा) आवाज जास्त येतो. तबलजी सहसा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे बसतो आणि गायकाकडे थोडा वळलेला असतो. त्याची बोटं बघायची असतील तर मधल्यापासून जरा उजवीकडे बसावं.

ज्यांना पहाट जमणार नाही त्यांनी शनिवारची रात्र नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात घालवावी. तिथलं १९८० सालचं टाटा थिएटर ध्वनिवर्धकाचा आधार कमीत कमी लागावा अशा बेताने बांधलेलं आहे, आणि तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तिथे जशी ऐकू येते तशी शहरात क्वचितच. सदस्यांना तिकिटं आधी मिळतात, उरलेली सर्वांना. चांगल्या मैफलीला ती उरतातच असं नाही. मेट्रो ३ ने जाता येतं, पण तिची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते. मैफल लांबली तर चर्चगेटहून लोकल धरा. शीवच्या षण्मुखानंद सभागृहात जाणार असाल तर वरच्या बाल्कनीचं स्वस्त तिकीट घेऊ नका. अडीच हजारांवर खुर्च्या आहेत, वरून गायक अंगठ्याएवढा दिसतो.

रविवारी दुपारी चारला दादरचं शिवाजी मंदिर. इथे तीन गोष्टी आड येतात. पहिली मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवणं: रविवारी साधारण साडेदहा ते साडेतीन-चारपर्यंत कुठल्या तरी मार्गावर बहुधा असतो, आदल्या दिवशीच बघून ठेवा. दुसरी दादरची गर्दी. स्टेशनपासून नाट्यगृहाजवळच्या प्लाझा सिनेमापर्यंतची दहा मिनिटांची वाट दिवाळीच्या खरेदीत पंचवीस मिनिटं घेते. तिसरी, उपनगरातली रिक्षाची सवय. वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सीच.

तिकिटासाठी ऑनलाइन आणि खिडकी दोन्ही बघावं. 'प्लॅन' म्हणजे आसनांचा तक्ता प्रयोगाच्या तीन-चार दिवस आधी खुला होतो. ऑनलाइन फुल्ल दिसत असलं तरी खिडकीवरच्या प्लॅनमध्ये काही खुर्च्या निघतात. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, म्हणून बऱ्याच नाटकांचं पुढच्या रांगांचं तिकीट बरोबर ५०० वर अडलेलं दिसतं. ते घेण्याआधी विचार करा: पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं. चौथी ते नववी रांग सगळ्यांत चांगली. तळमजल्यावरच्या, बाल्कनीखाली येणाऱ्या शेवटच्या रांगा स्वस्त असतात, पण तिथे आवाज दबतो. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग घ्यावी. जिना चढणं जमत नसेल अशा ज्येष्ठांसाठी आधी फोन करून विचारलेलं बरं.

नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तासांचं. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, आणि तेवढ्यात बटाटावडा, चहा, स्वच्छतागृह या तिन्ही रांगा होत नाहीत. दोघे असाल तर रांगा वाटून घ्या. एकटे असाल तर वडा सोडा. बाहेर पडल्यावर स्टेशनच्या वाटेवर मामा काणे यांचं उपाहारगृह आहेच.

तिकिटाचा फाडलेला अर्धा तुकडा शेवटपर्यंत खिशात ठेवा. मध्यंतरानंतर दारावर तो मागतात, आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला तर खिडकीवर पैसे परत मागायला तोच दाखवावा लागतो.